मस्टरवरचा 'ए'

१९७२ च्या जूनमध्ये मी पाचवीत गेलो आणि त्याच वर्षी पाऊस गेला. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, तेव्हाच्या नगर जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. पाऊस एरवीही आमच्याकडे पाहुण्यासारखाच यायचा, पण त्या साली तो वाटेतूनच माघारी फिरला. विहिरींनी तळ दाखवला. वडील बैलं घेऊन चाऱ्याच्या मागं गेले. घरात तांबडी मिलो शिजायची, शाळेत सुकडी मिळायची आणि आई बंडिंगच्या कामावर जायची. 'बंडिंग' हा शब्द मला तेव्हा मराठीच वाटायचा. खडी, टिकाव, पाटी, बंडिंग, मस्टर असे सगळे एकाच रांगेतले शब्द.

पाचवी म्हणजे इंग्रजीचं पहिलं वर्ष. चार रेघांची वही, त्यात मोठी एबीसीडी, मग छोटी. आमच्या गुरुजींना अक्षरं डोक्यात बसवायची एक युक्ती होती. ए म्हणजे तंबू. बी म्हणजे पोट सुटलेला सावकार. पी म्हणजे फेटा बांधलेली काठी. आणि हजेरी घेताना त्या वर्षापासून आम्ही 'हजर गुरुजी' सोडून 'प्रेझेंट सर' म्हणायचं. जो नसेल त्याच्या नावानं सगळ्यांनी मिळून 'अ‍ॅब्सेंट' असं ओरडायचं. ते ओरडायला फार बरं वाटायचं.

शनिवारी शाळा सकाळची. सुटली की आम्ही पोरं कामावर जायचो, आईबरोबर पगाराला थांबायला. एका शनिवारी मुकादम ताडपत्रीच्या सावलीत मस्टर मांडून बसला होता आणि बाया अंगठा द्यायला ओळीत उभ्या होत्या. मी आईच्या लुगड्याला धरून पुढं गेलो. मस्टरवर नावं मराठीत होती, पण नावापुढच्या चौकोनांत काठ्या आणि तंबू होते. मला इतका आनंद झाला! शाळेबाहेर कुठं तरी ही अक्षरं असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी आईच्या ओळीवरून बोट फिरवत म्हणालो, "काठी, काठी, तंबू, काठी, तंबू, काठी."

आई म्हणाली, "काय बडबडतो रं?"

"तुझ्या नावापुढं दोन ए हायेत. ए म्हंजी अ‍ॅब्सेंट."

"त्ये काय असतंय?"

"गैरहजर."

आईनं अंगठा शाईत बुडवलेला होता. तो तिनं तसाच वर धरला. "मी तर या आठवड्यात एक बी खाडा केला न्हाई, मुकादम."

मुकादमानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मस्टरकडं. गडबडीत झालं असंल म्हणाला आणि पेन्सिलीच्या त्या खुणा बोटाला थुंकी लावून पुसून टाकल्या. दोन्ही ठिकाणी काठी काढली. त्याची चूक होती की आणखी काही, ते मला आजही सांगता यायचं नाही. दुष्काळी कामावर शेकडो माणसं, एकटा माणूस लिहिणारा, चूक होऊ शकते. पण ओळीतल्या बायांनी ते बघितलं होतं. "माझं बघ रं पोरा." "माझ्या जावंचं बघ." मी मस्टरवर वाकून एकेकीची ओळ वाचत गेलो. अकरा वर्षांचं पोर आणि मागं पंधरा-वीस बाया. पुस्तकातला पहिला धडाही पुरा झालेला नव्हता.

पुढं सगळा उन्हाळा दर शनिवारी मी त्या मस्टरवर हजर असायचो. मुकादम मला बघून हसायचा. त्यानं खाडे मांडायचं बंद केलं नाही, पण मांडताना "ही बाई बुधवारी नव्हती, बरोबर का?" असं मोठ्यानं विचारायला लागला.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं तीस-बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवली आणि त्यातली पहिली बरीच वर्षं ही गोष्ट साफ विसरून शिकवली.

इंग्रजी आमच्या घरात त्याआधी मुळीच नव्हती असं नाही. आजोबा 'व्हर्न्याक्युलर फायनल' होते. सातवी पास झाल्याची ही परीक्षा. ती पास झालेला माणूस शाळेवर मास्तर होऊ शकायचा. आजोबा मास्तर झाले नाहीत, जमीन सोडवेना म्हणून. पण कुणी शिक्षण विचारलं की छाती काढून 'व्हर्न्याक्युलर फायनल' म्हणायचे. त्या शब्दाचा अर्थ 'देशी भाषा' असा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मराठी शिकल्याचा अभिमान माणसानं इंग्रजी शब्दात मिरवावा, एवढी त्या भाषेची पत होती.

त्यांच्या काळात इंग्रजी शाळा वेगळी असायची. मराठी चौथी झाली की ज्याच्या घरी ऐपत असेल त्यानं तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचं आणि 'इंग्रजी पहिली'त बसायचं. फी, खानावळ, खोली, पुस्तकं. आमच्यासारख्यांना ते ऐकायलाही महाग. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात हेच दुखणं मांडलेलं आहे. सरकारी तिजोरीत पैसा शेतकऱ्याच्या घामाचा येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी त्यांची तक्रार होती. त्याआधी १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. त्यात इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या कविता आहेत. ज्यांना पोथीपासून लांब ठेवलं होतं त्यांना या भाषेत एक उघडं दार दिसत होतं. दुसरीकडं पुण्यातले शहाणे तिला 'वाघिणीचं दूध' म्हणत होते. आमच्या गावात वाघीण कुणी पाहिलेली नाही. शेळीचं दूध मिळालं तरी पुष्कळ.

१९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि हळूहळू शेतकऱ्यांच्या पोरांसाठी वसतिगृहं आणि हायस्कुलं उभी राहू लागली, तेव्हा कुठं 'इंग्रजी शाळा' गावांच्या जवळ सरकायला लागली. आणि ती जवळ येते न येते तोच स्वातंत्र्य मिळालं. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. त्यांच्या सरकारनं खालच्या वर्गातली इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. स्वतंत्र देशाच्या पोरांनी आधी आपल्या भाषेत पक्कं व्हावं, हे म्हणणं मला आजही पटतं. पण झालं काय, की ज्या घरांत बाप-आजा इंग्रजी शिकलेले होते तिथं पोरं घरीच तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवत राहिली आणि आमच्याकडच्या पोराला इंग्रजी भेटली ती मिसरूड फुटायच्या वयात, मॅट्रिक तोंडावर आल्यावर. आमचे गुरुजी त्याच तुकडीतले. पुढं इंग्रजी पुन्हा पाचवीवर आली, तेव्हा ती शिकवायला उभे राहिले ते हेच गुरुजी. त्यांनी स्वतः कसाबसा तो विषय सोडवलेला.

गुरुजी फार प्रामाणिक माणूस. पुस्तकात प्रत्येक शब्दावर त्यांनी पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहून ठेवलेला असायचा. आम्हीही तो उतरवून घ्यायचो. 'दिस इज अ पेन' शिकवताना वर्गात पेन एकच, ते गुरुजींच्या खिशाला. आम्ही टाक-दौतवाले. बालभारतीच्या पुस्तकात वाक्यांचे तक्ते असायचे. डावीकडचा एक शब्द, मधला एक, उजवीकडचा एक, असं जोडत जायचं. वीस वाक्यं म्हणून व्हायची आणि एकाचाही अर्थ डोक्यात शिरलेला नसायचा. एकदा एका पोरानं विचारलं, "गुरुजी, 'इज'ला मराठीत काय म्हणायचं?" गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते तसंच असतं." मोठा झाल्यावर मला कळलं की त्या पोरानं फार खोल प्रश्न विचारला होता आणि गुरुजींनी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

दहावीला १९७८ मध्ये बसलो. इंग्रजीत अडतीस मार्क मिळाले. पस्तीसला पास. त्या तीन मार्कांवर माझी सगळी जिंदगी उभी आहे. माझ्यापेक्षा हुशार असलेली माझी चुलतबहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, तिला एकोणतीस मिळाले. गणितात ती वर्गात पहिली. तिनं ऑक्टोबरची वारी केली, मग मार्चची, मग पुन्हा ऑक्टोबरची. तिसऱ्या खेपेला फॉर्म भरायच्या आधी तिचं लग्न ठरलं. आमच्या गावात त्या दहा-पंधरा वर्षांत दहावीला गळालेल्यांची नावं मी आजही बोटांवर मोजू शकतो. हाता-पायांची बोटं पुरत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेकांना एकाच विषयानं खाल्लं. कुणी मुंबईला माथाडीत गेला, कुणी कोयता घेऊन साखर कारखान्यावर. आक्का आता गावच्या बचत गटाचा हिशेब ठेवते. पासबुक, लोन, व्याज, हप्ता. एका पैशाची चूक नसते. ते मार्कशीट तिनं लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेलं आहे. मी एकदा म्हणालो, फाडून टाक ते. तर म्हणाली, "का? बाकीचे विषय बघ की त्यातले."

मी डी.एड. केलं आणि १९८२ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालो. पाचवीची इंग्रजी माझ्याकडं आली. कारण काय, तर नव्या मास्तरला नको असलेला विषय द्यायचा. मी माझ्या गुरुजींसारखाच शिकवत होतो. फरक एवढाच, की त्यांच्याजवळ नम्रपणा होता आणि माझ्याजवळ वेताची छडी.

आता जे सांगायचं आहे ते मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

आमच्या शाळेपासून दोन कोसांवर लमाणांचा तांडा होता. तिथली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पोरं चालत आमच्याकडं यायची, तीही दिवाळीपर्यंतच. दिवाळी झाली की आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला जायचे आणि पोरांना बरोबर न्यायचे. १९८५ च्या पावसाळ्यात त्यांतला एक पोरगा पहिल्या बाकावर बसायचा. मी वर्गात एकेकाला उभं करून 'व्हॉट इज युवर नेम?' विचारत होतो. त्याची पाळी आली. तो उभा राहिला, माझ्याकडं बघत पुटपुटला, "तारो नाम कांई?"

वर्ग फिदीफिदी हसला. मला वाटलं, हे पोरगं मलाच माझं नाव विचारतंय, थट्टा करतंय. मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच म्हटलं, या खेपेला जरा मोठ्यानं. मी छडी घेतली. दोन्ही हातांवर चार-चार. तो रडला नाही. दिवाळीआधीच शाळेत यायचा बंद झाला आणि दिवाळीनंतर तांड्याबरोबर गेला. पुढच्या वर्षी हजेरीपटावर त्याचं नाव होतं, तो नव्हता. मी त्याच्या नावापुढं रोज गैरहजेरी मांडत राहिलो आणि वर्षअखेर नाव कमी केलं.

पंधरा वर्षं मला यात काही वावगं वाटलं नाही.

मग २००० साल आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्यांनी जूनपासून राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. केवढा गदारोळ झाला! साहित्यिक मंडळी म्हणाली, मराठी मरेल. गावात लोक म्हणाले, आमची पोरं आता साहेब होणार. आम्हा मास्तरांचं म्हणणं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं, की आम्हाला भीती वाटते. माझ्याबरोबरचे निम्मे शिक्षक इंग्रजीत जेमतेम पास झालेले. प्रशिक्षणात पन्नाशीचे गुरुजी उभं राहून 'स्टँड अप, सिट डाऊन, टच युवर नोज' करत नाकाला हात लावत होते. एकमेकांकडं बघायचं टाळत होते. मला हसू येत होतं आणि गळाही दाटून येत होता.

त्या वेळी माझी बदली त्या तांड्यावरच्याच द्विशिक्षकी शाळेवर झालेली होती. पहिली-दुसरी माझ्याकडं. पोरं घरी गोरमाटी बोलायची. मराठी हीच त्यांची शाळेची दुसरी भाषा, तीही अजून नीट तोंडात बसायची होती. आणि आता तिच्या डोक्यावर इंग्रजी. मी पहिल्या दिवशी एका पोरीला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" ती शेजारणीकडं वळून हळूच म्हणाली, "तारो नाम कांई?"

मी तसाच उभा राहिलो. दाराशी तिची थोरली बहीण, चौथीतली, धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. ती मला म्हणाली, "गुरुजी, ती तुमचाच प्रश्न सांगतीया तिला. तुझं नाव काय, आसं म्हंती."

माझाच प्रश्न. तो पोरगाही पंधरा वर्षांपूर्वी माझाच प्रश्न आपल्या भाषेत म्हणून बघत होता. उत्तर द्यायच्या आधी तो नीट समजून घेत होता. माझ्या सगळ्या वर्गात त्या दिवशी इंग्रजी कुणाला कळली असेल तर त्या एकट्याला, आणि मी त्याला त्यासाठी आठ छड्या मारल्या.

त्या दिवसापासून मी शिकवायची रीत बदलली असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला दुसरी रीत येतच नव्हती. मी फक्त गप्प बसायला आणि ऐकायला लागलो. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. 'मारो नाम', 'माझं नाव', 'माय नेम'. तिसरी इंग्रजी, पण लिहिली देवनागरीत. पोरं बघत बसली आणि एकजण ओरडला, "गुरुजी, आमचं नाम आन् त्यांचं नेम सारखंच हाये! तुमचं नावच येगळं." मराठीला वेगळं पाडून लमाणी आणि इंग्रजी शेजारी बसल्या. काय आनंद झाला त्या पोरांना! मी त्या वर्षी त्यांच्याकडून बरेच शब्द शिकलो. आईला याडी, भाकरीला बाटी. मी चुकीचा उच्चार केला की पोरं हसायची, आणि मास्तरही चुकतो हे एकदा बघितल्यावर त्यांना इंग्रजीत चुकायची लाज वाटेनाशी झाली.

मग आम्ही एक खेळ काढला. घरी जायचं आणि घरात, शेतात, गाडीवर असलेले इंग्रजी शब्द गोळा करून आणायचे. पहिल्या दिवशी सात-आठ शब्द आले. पण दुसऱ्या आठवड्यात पोरं बापाला, काकाला विचारून आणायला लागली. मोटर, स्टार्टर, फ्यूज, पाईप, व्हॉल, पंचर, टायर, टॅक्टर, टाली, गेर, बॅटरी, बल्ब, डोस, इंजेक्शन, सलाईन, सोसायटी, चेरमन, शेर, मेंबर, फॉर्म, पार्टी. एक आजी काठी टेकत शाळेत आली आणि म्हणाली, "मस्टर लिव्हलं का?" तिनं बहात्तरला खडी फोडलेली होती. भिंतीला चिकटवलेल्या ब्राऊन पेपरवर शब्द दोनशेच्या वर गेले. यातला एकही शब्द पुस्तकात नव्हता आणि तांड्यावर एकही माणूस असा नव्हता ज्याला यातले पन्नास येत नव्हते. इंग्रजी येत नाही म्हणून जन्मभर मान खाली घालून वावरलेली ती माणसं भिंतीपुढं उभी राहून बोटानं शब्द मोजायची.

औषधांचे रिकामे डबे आणू नका असं मी सांगितलं होतं, ते विष असतं म्हणून. तरी एकानं फवारणीच्या डब्याचं नुसतं लेबल सोडवून आणलं. मी आधी त्याला हात धुवायला लावले, आणि मग त्यावरूनच धडा केला. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. 'पॉयझन' या शब्दाची अक्षरं मी पोरांना पाठ करायला लावली. पाठांतरावर माझा विश्वास राहिलेला नव्हता, पण एवढा एक शब्द पाठच हवा. एका पोरीनं घरी जाऊन बापाला सांगितलं की तू ज्या डब्यात पाणी भरून शेतावर नेतोस त्यावर पॉयझन लिहिलंय. डबा फेकला गेला. परीक्षेत ती पोरगी इंग्रजीत फार चमकली असं काही नाही.

पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं मराठी शाळांसाठी रेडिओवरून इंग्रजी शिकवायचा कार्यक्रम तयार केलेला होता. त्याच्या काही कॅसेट एका मित्राकडून मिळाल्या. त्याचा मला मोठा आधार झाला, आणि पोरांपेक्षा मला जास्त झाला हे कबूल करायला हरकत नाही. शुद्ध उच्चार माझ्या कानावर असा धड कधी पडलाच नव्हता. मी रात्री घरी कॅसेट लावून म्हणून बघायचो. बायको विचारायची, एकटेच कुणाशी बोलताय? नंतर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात जागा द्या, त्याच पायावर दुसऱ्या भाषा उभ्या राहतात, असं आलं. केंद्रप्रमुखांनी ते बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा मला त्या चौथीतल्या पोरीची आठवण झाली. कडेवर भाऊ घेऊन तिनं तेच पाच वर्षांआधी दारात सांगितलं होतं.

सगळं साधलं असं कुणी समजू नये. दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जायचा आणि एप्रिलमध्ये परत यायचा तेव्हा अर्धे शब्द वाटेत सांडलेले असायचे. पुढं आठ-दहा मैलांवर इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, पिवळ्या गाड्या आल्या आणि ज्यांना परवडत होतं त्यांनी पोरं तिकडं घातली. तिथली पोरं कविता धडाधड म्हणायची. अर्थ विचारला की माझ्या पाचवीतल्या चेहऱ्यानं बघायची. त्यांच्या आईबापांना मी नावं ठेवत नाही. एकोणतीस मार्कांनी काय होतं ते त्यांनीही पाहिलेलं असतं.

२००३ च्या मे महिन्यात, सुट्टीत, मी शाळेचं दफ्तर आवरायला गेलो होतो. एक माणूस मोटारसायकलवर आला. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं. मागं सात-आठ वर्षांची पोरगी, ती माझ्याच वर्गातली. तिचा बाप शाळेत कधी आला नव्हता, कायम कारखान्यावर. आता तो टोळीचा मुकादम झाला होता. जवळ आला तेव्हा मी ओळखलं. पहिल्या बाकावरचा.

मला बसायला सांगायचंही सुचलं नाही. मी म्हणालो, "तुला मी एकदा मारलं होतं. तुझी काही चूक नव्हती." आणि मग सगळं सांगितलं, नाम काय आणि नेम काय.

तो हसला. "गुरुजी, मार तर समदेच गुरुजी मारायचे. मला तर आठवत बी न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "पण शाळंत मला झोप लागायची न्हाई, आन् सुटली की ऊसात झोप लागायची न्हाई, येवढं याद हाये." याचा अर्थ काय घ्यायचा ते मला आजही कळलेलं नाही.

मग त्यानं खिशातून एक कागद काढला. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती होती. "मला आकडं कळत्यात. पर ह्ये तीन शब्द काय हायत त्ये नीट कळलं न्हाई कधी. टोळीतली माणसं इचारत्यात. मी म्हंतो, आसतंय तसंच."

तीन ओळी होत्या. पोरगी पुढं झाली आणि एकेक अक्षर लावून वाचायला लागली. पहिली ओळ ग्रॉस. तिसरी नेट. मधल्या ओळीवर ती अडली. टी, ए, आर, ई. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला ग्रॉस आणि नेट माहीत होते. मधला शब्द मीही उभ्या आयुष्यात कधी वाचलेला नव्हता. मी तिला म्हणालो, "मला नाही येत. कपाटातली डिक्शनरी आण."

वीरकरांची डिक्शनरी, पाठीला खळ लावून चिकटवलेली. तिनं टी काढला, मी पानं उलटली, दोघांनी मिळून शब्द शोधला. टेअर, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी म्हणजे निव्वळ ऊस.

पोरीनं फरशीवरच खडूनं वजाबाकी मांडली. हातचा घ्यायला विसरली, बापानं बोट ठेवून दाखवला. उत्तर पावतीवरच्या नेटला बरोबर जुळलं. तिनं त्याखाली दोन रेघा मारल्या, वहीत मारतात तशा.

त्यानं पावतीची घडी केली, खिशात ठेवली आणि जाता जाता मोटारसायकलला किक मारायच्या आधी थांबला.

"गुरुजी, मागल्या सालच्या बी हायत घरी. सांच्याला घिऊन यिऊ का?"